ऑर्विलच्या हाका

डेल्मरदादा,

हेही पत्र टपालात पडणार नाही, म्हणून खरं लिहितो.

आपल्या खोऱ्यातला कोळसा संपला. आता वेस्ट व्हर्जिनिया बघायला आलेल्या पर्यटकांना मी आपल्याच खाणीत फिरवून आणतो. आत जाताना प्रत्येकाचा पितळी बिल्ला फळीवर लावायचा, बाहेर आला की काढायचा. लोकांना त्याची फार गंमत वाटते.

खाणीत स्फोट झाला त्या सकाळी तू नदीवर मासे धरत बसला होतास. तुझी हजेरी बुडू नये म्हणून तुझा बिल्ला मीच लावला. स्फोटानंतर बाकी सगळे वर आले, फळीवर तुझा एकट्याचा बिल्ला उरला. नोकरी जाईल म्हणून मी मूग गिळून बसलो आणि तुला शोधायला ऑर्विल परत आत शिरला. तो आलाच नाही. तू मागच्या जुन्या तोंडातून रांगत बाहेर पडलास, ही थापही माझीच. स्फोटातून वाचलेला म्हणून खाणीच्या संग्रहालयात तुझा फोटो लावलाय.

तिकीट खिडकीवर ऑर्विलची नेटी बसते. परवा म्हणाली, "क्लेट, तुझ्या भावाला एवढंच विचार. माझा नवरा हाका मारत आत गेला, त्या त्याला ऐकू आल्या का रे?"

आज मी सांगून टाकलं, "दादाचा फोन आला होता. ऐकू आल्या म्हणाला." वाटलं, तिला बरं वाटेल.

हातातलं तिकीट तिनं फाडलंच नाही. "मग मेल्यानं ओ का नाही दिली?"

मी पुढच्या पर्यटकाचा बिल्ला फळीवर लावला.

तुझा,
क्लेट