बोटीचं दार, बरक्याला

रविवार, ४ जाने.
अब्बांचा व्हिसा खलास. शुक्रवारी रत्नागिरीला, कायमचे. सगळी उमर इथं आखातात, बरक्याला, अर्बाबची म्हणजे अरब मालकाची गाडी चालवली. आता माझ्या घरी, दार्सैतला, बॅग भरतात, उपसतात, पुन्हा भरतात. हौस एकच, अर्बाबच्या घरात एकदा पुढच्या दारानं जायचं.
ते दार बोटीचं आहे. मुंबईत बोट मोडली तेव्हा अर्बाबच्या आजोबांनी आणलेलं. अब्बांचा आजा त्याच बोटीवर कोळसा टाकायचा!

सोमवार
चहावर बोटीची सगळी हयात ऐकली. आधी गोरे साहेब, मडमा, पियानो. मग लढाई, सोल्जर. मग जखमी. मग हाजी. शेवटी हातोडे. वरची माणसं बदलत गेली, खाली आगीशी कायम आपले कोकणातले. बाप रे.
ते दार वरच्या जेवणघराचं. कोळशेवाल्यांना तिथं मनाई. आजानं ते कधी बघितलंसुद्धा नाही.
"आणि तुम्ही? इतकी वर्षं?"
"डायवर लोक किचनकडून जातात. कोणी नाय म्हटलं नवतं. मीच इचारलं नाय."
राग आला मला. कोणाचा, काय माहीत.

बुधवार
बरक्याला गेलो. अब्बांचा इस्त्रीचा शर्ट, अत्तर. गाडीतून उतरले नि सरळ मागे किचनकडे चालू पडले!
"अब्बा, अहो कुठे?"
अर्बाब खो खो हसला. स्वतः दोन्ही फळ्या उघडल्या. "यल्ला भाई, तफद्दल!" चला, या आत.
काय ते दार! सागवानी, माझ्या दुप्पट उंच, वर काचेत दोरीच्या गाठीतला तारा, बोटीच्या कंपनीची खूण. आजानं बोटीवरून आणलेली एक बशी आमच्या गावच्या घरी आहे, तिच्यावर तोच तारा आहे.
अब्बांनी चपला काढल्या. लाकडावर हात ठेवला. मग बाजूला झाले, भिंतीला टेकून, अदबीनं.
"आजा, तुमी फुडं."
अर्बाबचं हसू थांबलं. तोही वाटेतून सरकला. मगरिबची बांग झाली तरी आम्ही तिघं बाहेरच.

गुरुवार
बॅग बंद. वजन जास्त, खजूर काढले.
अर्बाबचा मेसेज. घर पाडणार आहे, दार रत्नागिरीला पाठवू का?
अब्बांना वाचून दाखवला. त्यांनी बॅगेचं कुलूप पुन्हा ओढून बघितलं.
"तुम्ही आत गेलाच नाहीत काल. आज जाऊ या? मी नेते."
"नको. आजा जेवतोय आत. जेवत्या माणसाला उठवायचं?"
उद्या सकाळचं फ्लाइट. अर्बाबला काय लिहू?