अंधारातलं हिरवं

ता. ४ फेब्रुवारी

ति. मामास,
सा. न. वि. वि.

पत्र मुद्दाम तुझ्या बेकरीच्या पत्त्यावर पाठवते आहे. घरी आलं असतं तर आधी आईने फोडलं असतं. कॉलेजातली शिकवण्याची कायमची नोकरी मी नाकारली आणि इथे प्रयोगशाळेतच राहिले. हे तिला तू सांग. तुझ्या हातात गरम पाव असला की ती जरा कमी रागावते.

कारण ऐक. झाडाचं पान उजेडाच्या जोरावर पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड यांचं अन्न करतं. आम्ही पानाचं हे काम यंत्राकडे सोपवलं आहे. वीज, पाणी आणि तोच वायू दिला की यंत्र ॲसिटेट बनवतं, म्हणजे सिरक्याच्या, व्हिनेगरच्या, भावकीतलंच एक खाद्य. ते पाजून हिरवं शेवाळ बंद कपाटात, ठार अंधारात वाढवायचं. जमलं तर जिथे ऊन पोचत नाही तिथेही अन्न पिकेल.

आमच्या विभागप्रमुखांना सगळे पाठीमागे चाळणीबाई म्हणतात, कारण त्यांच्यातून कच्चं काही सुटत नाही. त्यांना वाटतं, कपाटात कुठून तरी उजेड शिरेल आणि आम्ही उगाच नाचू. म्हणून कुलूप त्यांचं, किल्लीही त्यांच्याकडे. सत्राअखेर काही दिसलं नाही, तर आमची प्रयोगाची खोली दुसऱ्या गटाला जाईल.

आईचा राग तू अर्धा तरी पोटात घाल.

तुझी,
ठमी

ता. १५ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

सांगितलं. पाव हातात होता, काही उपयोग झाला नाही. तुझ्या आईचं म्हणणं असं की मुलगी चांगली नोकरी सोडून शेवाळाला सिरका पाजत बसणार आणि मामा टाळ्या वाजवणार. तेव्हापासून ती माझ्याशी फक्त भांड्यांच्या आवाजात बोलते. रागापेक्षा ती घाबरली आहे, ठमे. तुझे बाबा गेल्यापासून ‘कायमचं’ या शब्दावर तिचा फार जीव आहे.

मला म्हणशील तर अंधारात वाढण्याचं नवल नाही. माझं यीस्ट कुठे ऊन खातं? पण त्याला पीठ लागतं, पीठ गव्हाचं आणि गहू उन्हाचा. तू गव्हालाच वळसा घालायला निघालीस. काळजी वाटते, खोटं कशाला बोलू. पण निघालीच आहेस तर मागे वळून पाहू नकोस.

तब्येतीला जप, आणि आम्हाला विसरू नकोस.

मामा

ता. २० मार्च

ति. मामास,
सा. न. वि. वि.

कपाट उघडलं. खाद्य दिलेले फ्लास्क आणि न दिलेले फ्लास्क, दोन्ही ओळी सारख्याच पांढुरक्या. मला वाटलं, चाळणीबाई आता आम्हाला चाळून फेकणार. पण त्या मला चहाला घेऊन गेल्या आणि कप हातात धरून विचारलं की त्या खाद्यात ॲसिटेटखेरीज आणखी काय काय असतं.

तिथेच घोडं पेंड खात होतं. यंत्रातून वीज वाहण्यासाठी जे क्षार घालतो, तेही खाद्यात उतरत होते. शेवाळ उपाशी नव्हतंच, खारवून मेलं. आता यंत्राची जोडणी बदलून क्षार कमी आणि ॲसिटेट जास्त असं करत आहोत. सत्र संपेपर्यंत आणखी एकच खेप होईल.

कॉलेजातली जागा भरल्याचंही कळलं. परतीचे दोर कापले गेले. आईला यातलं किती सांगायचं, ते तू ठरव.

तुझी,
ठमी

ता. ३१ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

सगळंच सांगितलं. लपवून काय मिळणार? तिने पत्र दोनदा वाचलं आणि एवढंच विचारलं की तुला जेवायला वेळ मिळतो का. याला मी तह समजतो.

आणि मीठ! चिमूटभर जास्त पडलं की माझंही पीठ रुसून बसतं. पण तुझ्या सिरक्यात मीठ आहे हे मला माहीत नव्हतं आणि तूही मला मिठाचं कधी विचारलं नाहीस. फिट्टंफाट.

धीर सोडू नकोस, आणि जेवत जा.

मामा

ता. १८ मे

ति. मामास आणि आईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र दोघांना आहे, लपवण्यासारखं काही उरलं नाही.

कुलूप चाळणीबाईंनी स्वतः काढलं, तेही खोलीत अंधार करून, नुसत्या लाल दिव्यात; आतून काहीतरी काढून काळ्या पाकिटात घातलं आणि मगच दिवे लावले. खाद्य न दिलेली ओळ पाण्यासारखी फिकट. खाद्य दिलेली ओळ हिरवी. नुसती हिरवट नाही, काकडीच्या सालीसारखी गडद.  पण बाई कसल्या लगेच मानतात? त्यांनी कपाटाच्या आत, आम्हाला न सांगता, फोटो छापायचा कागद चिकटवला होता. लाल दिवा त्याला चालतो, पण उजेडाची तिरीप जरी शिरली असती तरी तो काळा पडला असता. त्यांनी पाकिटातून तो काढून रसायनात धुवून पाहिला. पांढरा स्वच्छ. मग एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. पेशी जिवंत होत्या, एकीच्या दोन होत होत्या. बराच वेळ पाहून त्या सरळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “हे उजेडाचं काम नाही. हे तुमचं काम आहे.”

तोवर दारात गर्दी झाली होती. खोली आमचीच राहणार, शेजारचीही मिळणार. आता बाईच सगळ्यांना बोलावून ते फ्लास्क दाखवतात आणि आम्हाला बोलूच देत नाहीत.

तुम्हा दोघांना वाकून नमस्कार.

तुमची,
ठमी

ता. २९ मे

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद आणि एक शाबासकी, पाठीत जोरात.

तुझं पत्र घेऊन तुझी आई ऐन गर्दीच्या वेळी बेकरीत आली आणि रांगेसमोर उभी राहून तिने ते मोठ्याने वाचलं. हिरव्या ओळीपाशी आवाज जरा अडखळला, पण थांबली नाही. एका गिऱ्हाइकाने विचारलं, याचा उपयोग काय. तिने माझ्या फळीवर पीठ पसरलं आणि त्यात बोटाने तुझं यंत्र काढून दाखवलं: वीज इथून, वायू इथून, खाद्य इकडे. ॲसिटेट हा शब्द तिने असा म्हटला, जणू जन्मभर तोच विकत आली आहे. तेवढ्यात भट्टीतले पाव करपले. ते तसेच विकले गेले, कुणी कुरकुर केली नाही.

रविवारी ती तुझ्याकडे यायला निघते आहे. तिला ते कपाट आतून पाहायचं आहे आणि विचारायचं बरंच आहे. तुझ्या चाळणीबाईंना आधीच सांगून ठेव, त्यांच्या तोडीची दुसरी येते आहे.

आमचा जीव तुझ्यात आहेच, तुझाही आमच्यात राहू दे.

मामा