शेजारचं पान

१२ जानेवारी, रविवार
सून हरिप्रियाने आपल्या मंडळाची वेबसाइट केली. चेन्नईतले आपले तंजावरचे मराठी म्हातारे, अठरा फोटो, वयाप्रमाणे. आधी सगळे एकाखाली एक लोंबत होते. आता पीएचपी म्हणून काहीतरी आहे, ते यादीचे तीन-तीनचे तुकडे पाडून ओळी लावतं. मी चौथी शिकलेली, तरी लगेच कळलं. पंगत आहे ही.
दुसऱ्या ओळीत मधे मी. डाव्या हाताला थोरली जाऊ, विद्युलताअक्का. अकरा वर्षं आम्ही बोलत नाही. तिच्या रणवीरच्या लग्नात, पंगतीत मी एवढंच म्हटलं की अक्काची मराठी म्हणजे तमिळला कुंकू लावलेलं. खोटं नव्हतं. ती अर्ध्या पानावरून उठली. उठली ती, दोष माझा कसा?

१४ जानेवारी, पोंगल
हरिप्रियाला सांगितलं, मला हलव. म्हणाली, आई, तुमचं वय कुठून बदलू? मग म्हटलं, आमच्या मधे एक रिकामं पान मांड. तर म्हणे, यादीत रिकामंसुद्धा लिहावं लागतं, नाहीतर पुढचे सरकून जागा भरतात. शिवाय दात पडल्यासारखं दिसेल. नाहीच म्हणाली.
तिच्या वाटच्या पोंगलच्या भातात मिरी जास्त पडली. हात थरथरतो माझा.
निश्चय: ती वेबसाइट उघडायची नाही.

१५ जानेवारी
चारदा उघडली. माझं नाक नीट आलंय का बघायला. अक्का फार वाळलीय.

५ फेब्रुवारी
ओरगडमच्या कारखान्यातून रणवीरचा फोन. अक्का हॉस्पिटलात. काकी, एकदा येऊन जा, म्हणाला. शुक्रवारी जाते. बोलायला नाही. फोटो बदल म्हणून सांगायला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
भेटायची वेळ अकराची. राहुकाळ साडेदहा ते बारा, त्यात घराबाहेर पाऊल टाकू नये. हॉस्पिटलवाल्यांना अक्कल नाही.

८ फेब्रुवारी
गुडघा.

९ फेब्रुवारी, रविवार
हरिप्रिया जाऊन आली. कारमध्ये जागा होती. पण बोलावलं रणवीरने, अक्काने कुठे?
हरिप्रिया सांगते, अक्का फोनवर तीच वेबसाइट उघडून पडलेली असते. माझ्या फोटोवर बोट ठेवून हिला विचारलं, "सकू अजून शेजारी बसलीय ना गं? उठली नाही ना?"
उद्या जाणार. नक्की. सोमवारचा राहुकाळ नऊला संपतो, दहाला निघते. पहिलं वाक्य ठरवून ठेवलंय: अक्का, तुझी मराठी बरी आहे.

१० फेब्रुवारी, सकाळी सहा
रणवीरचा फोन. पहाटे गेली.
साडी इस्त्री करून ठेवली होती.

२३ फेब्रुवारी
तेरावं झालं. हरिप्रियाने यादीतून अक्काचं नाव काढलं. सगळे एकेक घर सरकले आणि मी अक्काच्या जागेवर जाऊन बसले.
म्हटलं, पंगतीत एक उठलं म्हणून शेजारचा सरकत नाही. पान तसंच राहतं, सगळे उठेपर्यंत.
वाद घालेल वाटलं होतं. नाही घातला. यादीत नावाच्या जागी काहीच न लिहिलेली एक नोंद टाकली. मी परत मधे. डाव्या हाताला पांढरा चौकोन. दात पडल्यासारखाच दिसतो.
पोंगलला मी हेच मागितलं होतं.