हनुवटी थोडी खाली

४ ऑक्टोबर
दुकानात भाची आली. सोबत होणारे जावई. दोघांच्या पाठीवर सॅक, बुटांना चिखल, आणि मी नुकतीच फरशी पुसलेली. पण बोललो नाही, कारण बातमी मोठी होती. लग्न डोंगरावर करणार. थेट माथ्यावर, उघड्यावर, मोजक्या माणसांत. तिथल्या एका खडकापाशीच म्हणे दोघांची पहिली भेट झाली होती. आणि फोटो मामाने काढायचे!

ताईचं मत वेगळं होतं. डोंगरावरच्या लग्नांचे फोटो काढणारा एक खास माणूस आहे, त्याला बोलवू, असं ती म्हणत होती. भाचीने ऐकलं नाही. माझा पहिला फोटो मामाने काढलाय, हाही तोच काढेल, म्हणाली. (पहिला फोटो म्हणजे शाळेच्या प्रवेशाचा, पासपोर्ट साइज. त्यात ती भोकाड पसरून रडतेय, पण दोन्ही कान स्वच्छ दिसतात.) तिची मागणी एकच. त्या क्षणाचा एक फोटो, दोघं आणि मागे डोंगर. बाकीचे काढ नाहीतर नको काढूस.

दुकानाच्या पाटीवर इतकी वर्षं 'आर्ट फोटो स्टुडिओ' लिहिलंय. आर्टचं पहिलं गिऱ्हाईक आज आलं.

५ ऑक्टोबर
संकल्प : उद्यापासून पहाटे उठणे. लिफ्ट वापरायची नाही, जिनाच. लग्नापर्यंत पायांचं लोखंड करायचं.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, लिफ्ट परवापासून बंदच आहे, खाली नोटीस लागलीये. नियतीसुद्धा साथ देतेय म्हणायची.

६ ऑक्टोबर
पहाट नेमकी कशाला म्हणायचं यावर माझं आणि गजराचं एकमत झालं नाही. उद्यापासून नक्की.

९ ऑक्टोबर
लिफ्ट सुरू झाली. इतक्या दिवसांनी सुरू झाली आणि कोणी वापरली नाही तर पुन्हा गंजेल. सामाजिक जबाबदारी म्हणून वापरली.

१३ ऑक्टोबर
डोंगरावर चालायचे बूट आणले. दुकानदाराने घालून बघायला सांगितलं. बसल्या बसल्या बघितलं, झकास बसले. भाचीचा फोन आला तेव्हा तिला सांगितलं. ती म्हणाली, मामा, आजपासून रोज घाल, नवे बूट पायाला सवय होईपर्यंत चावतात. हो म्हटलं. पण लग्नात मळके बूट घालून जायचं? फोटोग्राफरची काही इज्जत असते. खोक्यात ठेवलेत. लग्नाच्या दिवशीच काढायचे.

२१ ऑक्टोबर
सराव सुरू! बायको रोज सकाळी टेकडीवर फिरायला जाते, तिच्याबरोबर गेलो. म्हणजे टेकडीच्या पायथ्यापर्यंत. तिथे बाक आहे. फोटोग्राफरने आधी प्रकाश समजून घ्यायचा असतो, म्हणून बसून प्रकाश समजून घेतला. ती वर जाऊन परत आली तेव्हा बराच समजला होता. दोन अनोळखी बायकांनी मला हलवून बरं वाटतंय ना म्हणून विचारलं, ते विनाकारण.

३० ऑक्टोबर
सामानाचा विचार. कॅमेरा, जुना कॅमेरा (नवा बिघडला तर), मोठी लेन्स, ट्रायपॉड, छत्रीवाला लाइट आणि स्टूल.

बायकोने विचारलं, स्टूल कशाला? तिला काय सांगायचं. दुकानातलं हे गोल फिरणारं, वर-खाली होणारं स्टूल. आख्ख्या गावाने त्यावर बसून फोटो काढलेत. माणूस त्यावर बसला की आपोआप सरळ होतो. पुढचं माझ्या तोंडात बसलेलं : खांदे सरळ, हनुवटी थोडी खाली, कान दिसू देत, दात नकोत. बायको म्हणाली, डोंगरावर बसायला दगड असतात. दगड वर-खाली होतो का?

८ नोव्हेंबर
ताईचा फोन. तुला झेपेल ना, असं पुन्हा विचारत होती. नसेल तर आत्ताच सांग, पोरीचा एकुलता एक हट्ट आहे, त्या दिवशी फजिती नको. मी म्हटलं, घोडामैदान जवळच आहे. फोन ठेवल्यावर आडवा झालो, पण डोळा लागेना. जेवण जास्त झालं असावं.

संकल्प : उद्यापासून दोन्ही वेळा जिना.

१४ नोव्हेंबर
जिना चढलो! मधे थांबलो, पण ते शेजाऱ्यांची विचारपूस करायला. त्यांनी पाणी दिलं, पंखा लावला. चांगली माणसं आहेत.

परवा लग्न. तयारी पूर्ण.

१६ नोव्हेंबर, सकाळ. डोंगराचा पायथा.
खोक्यातून बूट काढले. काय चकाकतात! सगळ्यांनी कौतुक केलं. लग्न लावणाऱ्या बाई माझ्यापेक्षा मोठ्या असतील. पाठीवर रजिस्टर, हातात काठी. त्यांना म्हटलं, दम लागला तर सांगा, मी सावकाश चालेन.

जावई म्हणाले, स्टूल मी घेतो. मी म्हटलं, नवरदेवाने ओझं उचलायचं नाही.

त्यानंतर थोड्या वेळाने. एक झाड.
स्टूल जावयांनी घेतलं. सुंदर झाड आहे. त्याचे फोटो काढायला थांबलो.

अजून एक झाड.
ट्रायपॉड आणि छत्री बायकोने घेतली. बूट जरा घट्ट वाटतायत. उंचीवर पाय सुजतात, हे शास्त्र आहे. बाई दिसेनाशा झाल्या, वरच्या दिशेने.

सपाट जागा. ही अर्धी वाट आहे म्हणे.
बूट काढले. टाचांचं वर्णन इथे करत नाही. स्टुलावर बसून लिहितोय (बघा, उपयोग झाला!). नवी योजना : सगळ्यांनी वर जावं, मी इथूनच मोठी लेन्स लावून काढेन. माथा इथून दिसतो. म्हणजे धुकं नसतं तर दिसला असता. योजना बायकोला सांगितली. ती म्हणाली, उंटावरून शेळ्या ऐकल्या होत्या, तुम्ही तर शेळ्या डोंगरावर धाडून उंट खाली बसवलात. तरी तिने भाचीला हाक मारली. सगळे थांबलेत. भाची खाली येताना दिसतेय. तिला काय सांगू?

संध्याकाळ. घरी. पाय गरम पाण्यात.
सविस्तर लिहितो.

भाची आली, माझ्या पायांकडे बघितलं आणि समोर गवतात बसली. तिला योजना सांगितली. लेन्सचा नंबरही सांगितला. ती हसली नाही. म्हणाली, "मामा, खडक कुठे पळून जात नाही. तो आम्हाला पुन्हा भेटेल. इथेच लावू लग्न."

मी म्हटलं, तुझा माथा, तुझा फोटो. ती म्हणाली, "फोटो तू काढणारेस ना? मग तू आहेस तिथेच निघेल."

मला एकदम गलबलून आलं. लेन्स पुसण्याच्या फडक्याने डोळे पुसले. मग जावयांनी वर शीळ घातली आणि वऱ्हाड खाली उतरलं. बाई सगळ्यात शेवटी आल्या, कारण त्या सगळ्यात पुढे होत्या. ताईने माझ्याकडे एकदाच बघितलं. लहानपणी तिची सायकल मी विहिरीत घातली होती, तेव्हा असंच बघितलं होतं.

पण कामाला लागल्यावर मी वेगळाच माणूस होतो! मागे धुकं. पांढरंशुभ्र, एक सुरकुती नाही. दुकानातला पडदा धुऊन इस्त्री करूनही असा कधी दिसला नाही. एकेकाला स्टुलावर बसवलं. खांदे सरळ. हनुवटी थोडी खाली. कान दिसू देत. दात नकोत. मग नवरानवरी. अनवाणी असूनही हात जराही हलला नाही. सह्या करायला टेबल नव्हतं, तेव्हा रजिस्टर स्टुलावरच ठेवलं आणि बाईंनी स्वतः स्टुलाचं कौतुक केलं. बायकोला मी छत्री धरून बाजूला उभं केलं होतं.

त्या मुख्य क्षणी, म्हणजे बाईंनी तुम्ही आता नवराबायको म्हटलं तेव्हा, जावयांची हनुवटी फार वर होती. ती नीट करायला मी मागच्या बाजूने दोघांच्या मधे शिरलो. तेवढ्यात सगळे आ करून माझ्या पाठीमागे बघायला लागले. लक्ष विचलित होऊ न देणं ही व्यावसायिक शिस्त. मी वळलो नाही. कॅमेऱ्यापाशी आलो तेव्हा मागे तेच पांढरं धुकं होतं आणि क्षण झाला होता, पण लगेच तो पुन्हा करून घेतला. काही फरक नाही.

२० नोव्हेंबर
फोटो तयार. माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम काम. एकेक चेहरा कसा घोटीव! बायकोने सगळे पाहिले आणि विचारलं, डोंगर कुठाय? तिला सांगितलं, याला मिनिमल म्हणतात. अल्बम भाचीकडे पाठवला.

२७ नोव्हेंबर
भाचीचा फोन. मामा, फोटो कमाल कामाला आले, म्हणाली. मी छाती फुगवून ऐकत होतो. दोघं परदेशात कुठल्याशा शिखरावर जाणार आहेत, व्हिसासाठी फोटो लागतात, अल्बममधलेच दोन दिले. खिडकीवरच्या माणसाने पहिल्या फटक्यात घेतले. इतके नियमात बसणारे फोटो त्याने आजवर पाहिले नव्हते म्हणे.

मी थँक यू म्हटलं. फोन ठेवल्यावर अल्बमची कॉपी काढून बसलो. खांदे सरळ. कान स्पष्ट. सगळं पांढरं. सगळ्यांचे चेहरे असे, जणू कोणीतरी आत्ताच त्यांना लायसन्स नाकारलंय. पोरीने एक फोटो मागितला होता. एकच. जेवण गेलं नाही.

३० नोव्हेंबर
भाचीकडे गेलो. खरं म्हणजे माफी मागायला, पण बायकोला सांगितलं, सहज. भिंतीवर मोठी फ्रेम. आधी ओळखलंच नाही.

धुकं मधोमध फाटलंय आणि मागे आख्खी डोंगररांग उभी आहे, उन्हात न्हालेली, वरच्या खडकासकट. पुढे ते दोघं, पोट धरून हसतायत. सगळे दात बाहेर. आणि मधे मी. अनवाणी, पँट गुडघ्यापर्यंत, डोंगराकडे पाठ, जावयांची हनुवटी बोटाने खाली दाबतोय. माझ्या चेहऱ्यावर असा भाव, की सगळी जबाबदारी माझ्या त्या बोटावर आहे.

बायकोने मोबाइलवर काढलेला. मला एका शब्दाने बोलली नव्हती.

चुका भरपूर आहेत. क्षितिज तिरकं. डाव्या कोपऱ्यात छत्री. जावयांचा एक कान दिसत नाही. मी उभा राहून चुका मोजत होतो आणि समोरचं सगळं धूसर व्हायला लागलं. भाचीने येऊन हात धरला. "हाच हवा होता मला," म्हणाली. "तू सोडून सगळ्यांना दिसत होता तो डोंगर."

२ डिसेंबर
शांतपणे विचार केला. जिथे उभं राहून बायकोने फोटो काढला, तिथे तिला मीच उभं केलं होतं (छत्री धरायला). मी हनुवटी दाबली नसती तर ते हसले नसते. मी वर पोचलो असतो तर सगळे धुक्याच्या आत असते. म्हणजे नीट पाहिलं तर फोटो माझाच. हे तिला सांगितलं. ती हो म्हणाली आणि भाजी चिरत राहिली.

६ डिसेंबर
दुकानात एक जोडपं आलं. जावयांचे मित्र. पाठीवर सॅक, बुटांना चिखल. त्यांचंही लग्न डोंगरावर, याहून उंच. भाचीच्या भिंतीवरचा तो फोटो बघून आले होते. मी खुर्ची दिली, फरशीचं नाव काढलं नाही, लेन्सची माहिती द्यायला लागलो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, फार सभ्य मुलं. मग विचारलं, मामी कुठे आहेत?

मामींनी होकार दिलाय. मला एवढंच विचारलं, स्टूल घेऊन याल का, सह्यांना बरं पडतं.

विचार करून सांगतो म्हटलं. बूट खोक्यातून काढून दाराशी ठेवलेत. उद्यापासून जिना.