नखाएवढी फट

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
सकाळ

प्रिय ताई,

तुला आणि दाजींना नमस्कार, दोन्ही पिल्लांना एकेक पापा. अण्णा आणि मी ठीक आहोत. ‘ठीक’ लिहून मी जरा थांबले होते, पण खोडलं नाही. जेवतोखातो, हिंडतोफिरतो, त्या अर्थाने ठीकच म्हणायचं.

पत्र बघून दचकू नकोस. फोन केला असता, पण फोनवर तुझ्या मागे कायम काहीतरी शिजत असतं, कुणीतरी हाका मारत असतं, आणि मी ‘काही नाही गं, सहज केला होता’ म्हणून ठेवून देते. गेलं वर्षभर मी सहजच फोन करतेय. अक्षर वेडंवाकडं आहे ते चालवून घे. अंगठा आणि पहिलं बोट अजून पेन नीट धरत नाहीत.

इकडची खबरबात म्हणजे, शेजारच्या टायरवाल्याने दुकानाला पोपटी रंग दिला आणि निम्मा आपल्या वर्कशॉपच्या शटरवर उडवला. अण्णांनी त्याला ऐकवलं, त्याने चहा पाजला, मिटलं. काम चिक्कार आहे, म्हणजे होतं. हल्ली गच्ची-अंगण असलेल्या प्रत्येकाकडे आणि हॉटेलांच्या मागच्या आवारात ते कोळशावर भाजायचं, झाकणाचं, सिरॅमिकचं जाड ग्रिल असतं. आपण त्याला अंडं म्हणतो ते. चिनीमातीचं अंग पंचवीस वर्षं टिकतं, पण नॉब आणि कड्या तेवढ्या टिकत नाहीत. रोजच्या आचेने नॉबला आधी बारीक भेग जाते, मग एक दिवस अर्धा नॉब हातात येतो. झाकणाची कडी आधी कुरकुरते आणि मग अडून बसते. असली पाच-सहा अंडी आमच्या दारात कायम उभी. टायरवाला येताजाता विचारतो, ‘पिल्लं कधी निघणार?’ पहिल्यांदा हसले होते. आता तो मला बघून आपणच हसतो.

तुला लिहायचं होतं ते हे नाही.

अण्णा चुकायला लागलेत, ताई. आज-काल नाही, गेल्या वर्षी त्यांनी दिवाणखान्यातला पंखा दुरुस्त केला तेव्हापासून. पंखा उलटा फिरला तेव्हा आपण सगळे हसलो होतो, तूही होतीस. त्यानंतर त्यांनी एका बाईंच्या अंड्याला वरच्या झडपेचा नॉब म्हणून कपाटाचा साधा प्लॅस्टिकचा नॉब बसवला. दोन्ही काळे, दोन्ही गोल, ठेवलेले शेजारशेजारच्या खणांत. बाईंनी ग्रिल पेटवलं आणि नॉब मेणासारखा वितळून झडपेवर ओघळला. बाई भल्या, त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मी त्यांच्याकडे जाऊन तो खरवडून काढला, दुसरा बसवला आणि घरी येऊन म्हटलं, बाजारात गेले होते.

तेव्हाच मी तुला फोन केला होता. आठवतंय? तू म्हणालीस, ‘त्यांच्या हातातलं काम काढून घेऊ नकोस गं, ते खचतील. तू जरा मागून बघत जा ना.’ तुला ‘जरा’ म्हणणं सोपं होतं. मीही ‘बरं’ म्हटलं.

तर मी मागून बघत गेले. अण्णा जेवून तासभर पडतात. तेवढ्या तासात मी त्यांनी केलेलं प्रत्येक काम उघडायचं, दुरुस्त करायचं आणि पुन्हा होतं तसं ठेवायचं. पान्हासुद्धा त्यांनी ठेवला होता त्याच तिरकेपणाने. ते उठले की विचारायचे, ‘काय करत होतीस?’ मी म्हणायचे, ‘झाडत होते.’ एवढं झाडून त्या वर्कशॉपची फरशी झिजायला हवी होती.

दुपार

मध्ये उठावं लागलं. अण्णांच्या डोळ्यांत औषध घातलं. त्याचं पुढे येतंच.

आता ऑगस्टचं सांगते. तुला फोनवर कळलं ते असं, की मी गरम अंड्याला आधी थोडी हवा न देता झाकण एकदम उघडलं, जाळ बाहेर आला आणि उजवा हात भाजला. अण्णांनी तुला तसं सांगितलं, मीही ‘हो’ म्हटलं. तू म्हणालीस, ‘लहानपणापासून धांदरटच तू. या वयात अण्णांना असले धक्के देऊ नकोस.’

ते अंडं बागेतल्या हॉटेलचं होतं. त्यांचा आचारी स्वतः घेऊन आला होता, तो उंच, डोक्यावरची टोपी कधीच न काढणारा. कडी अडते अशी त्याची तक्रार. अण्णांनी नवी कडी बसवली. कडीचं एक गणित असतं, ते मला अण्णांनीच शिकवलं. कडीचा आकडा आणि तो ज्यात अडकतो तो झाकणावरचा कान यांच्यात नखाएवढी फट ठेवायची. थंड असताना कडी ढिली वाटली पाहिजे, तरच तापून फुगल्यावर ती सुटते. थंड असतानाच घट्ट बसवली, तर तापल्यावर जाम होते. मग ओढाओढ होते, झाकण हिसक्याने उघडतं, वारा आत घुसतो आणि जाळ सरळ तोंडावर येतो.

त्या दिवशी अण्णांनी कडी घट्ट बसवली होती. मी सकाळीच बघितलं. दुपारी दुरुस्त करायची ठरवलं. दुपारी अण्णा झोपले, मी स्टुलावर बसले, टेबलावर डोकं टेकलं, दोनच मिनिटं म्हणून. जाग आली तेव्हा आचारी दारात उभा होता आणि अण्णांनी चाचणीसाठी कोळसे पेटवले होते. तोवर अंडं असं तापलं होतं की शेजारी उभं राहवेना.

अण्णा आचाऱ्याला म्हणाले, ‘बघा आता, एका बोटाने उघडेल.’ आणि त्यांनी हात पुढे केला.

ताई, मी ‘थांबा’ म्हणू शकले असते. ‘अण्णा, कडी चुकलीय, निवू द्या,’ एवढंच. पण तो परका माणूस समोर उभा, आणि अण्णांचा चेहरा खुललेला. मी त्यांना खांद्याने बाजूला केलं आणि म्हटलं, ‘मी उघडते.’ हातमोजे खुंटीवर होते. कडी हलेना. मी हळूहळू खेळवत होते, तर अण्णा म्हणाले, ‘काय नाजूकपणा चाललाय, ओढ की!’

मी ओढली.

पुढचं तुला माहीत आहे. माहीत नाही ते एवढंच, की मी धांदरटपणा केला नव्हता. मला सगळं माहीत होतं आणि माहीत असून मी हात घातला. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टर पट्टी बांधत होते तेव्हा बाहेर अण्णा आचाऱ्याला सांगत होते, ‘इतकी वर्षं शिकवतोय, आधी दोन बोटं उघडायचं, हवा द्यायची. लक्षच नसतं पोरीचं.’ त्यांनी ते टायरवाल्याला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं. मी ऐकत होते. खरं सांगू? मला राग नाही आला. पट्टीमुळे आता काही दिवस काही करावं लागणार नाही, एवढंच डोक्यात आलं. इतकी दमले होते मी.

पण काम थांबलं नाही. अण्णा करतच राहिले, आणि माझी बोटं वळत नव्हती, स्क्रू फिरत नव्हता. मागून बघता येत होतं, मागून दुरुस्त करता येत नव्हतं. काही ना काही सबबी सांगून मी गिऱ्हाइकांना परत पाठवत राहिले. मग गेल्या शनिवारी तोच आचारी हॉटेलचं दुसरं अंडं न्यायला आला. तीच तक्रार, अण्णांनी बसवलेली कडी पुन्हा तशीच. त्याच्या माणसांनी अंडं उचलायला हात लावला आणि मी दारात जाऊन उभी राहिले.

‘हे आज जाणार नाही.’

‘का?’ अण्णांनी विचारलं.

‘कडी घट्ट आहे.’

‘काहीतरीच. मी स्वतः बसवलीय.’

‘म्हणूनच सांगतेय, अण्णा. नख घालून बघा.’

त्यांनी बघितलं. नख जाईना. दुसऱ्या बोटाचं घालून बघितलं. आचारी शहाणा माणूस, त्याला एकदम फोन आठवला आणि आपली माणसं घेऊन तो रस्त्यावर गेला.

‘नाही जात,’ अण्णा म्हणाले. मग माझ्या हाताकडे मान वळवून, ‘ऑगस्टमधलं?’

‘तेही.’

‘तुला कधी कळलं?’

‘सकाळीच.’

‘म्हणजे हात घालायच्या आधी?’

मी मान हलवली. ते म्हणाले, ‘तोंडाने बोल.’

‘हो. आधी.’

मला वाटलं होतं ते माझा हात हातात घेतील, निदान खाली बसतील. तसलं काही नाही. ते संतापले. ‘अशी किती कामं तू मागून केलीस?’ मी म्हटलं, मोजली नाहीत. ‘मोज.’ मी उभ्या उभ्या आठवून मोजली. एकोणीस. ‘एकोणीस वेळा तू मला खेळण्यातला मिस्त्री केलंस,’ ते म्हणाले. ‘चुकलो तर तोंडावर सांगायचं. मी तुझ्या चुका कधी झाकल्या का? आणि हात भाजून घेतलास! माझ्या मानापायी? मी मागितला होता तुझा हात?’

मग त्यांनी स्वतः बाहेर जाऊन आचाऱ्याला सांगितलं की काम झालेलं नाही. आत आले, शटर ओढलं. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी जेवण वाढायचे, ते जेवायचे, ताट स्वतः धुवायचे.

सोमवारी सकाळी चहाचा कप हातात धरून भिंतीकडे बघत म्हणाले, ‘मला मधलं दिसत नाही, छोटे. बाजूचं दिसतं. जिथे बघावं तिथेच धुरकट डाग. वर्ष झालं.’

‘मग बोलला का नाहीत?’

‘तू बोललीस का?’

मी त्यांचा कप घेतला आणि आणखी चहा ओतला.

काल डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळता येईल, असं म्हणाले. थेंब आहेत, तपासण्या आहेत, दर महिन्याला जायचंय. अण्णांनी एकच प्रश्न विचारला, ‘नखाएवढी फट दिसेल का?’ डॉक्टरांना कळेना, नखाला काय झालंय. शेवटी मीच म्हटलं, ‘नाही दिसणार, अण्णा.’ त्यांनी मान डोलावली.

येताना ते टायरवाल्याकडे थांबले. त्याची चार माणसं होती तिथे. अण्णा सगळ्यांदेखत म्हणाले, ‘ऑगस्टमध्ये हिचा हात भाजला ना, ती माझी चूक होती. हिची नाही.’ टायरवाला गडबडला, त्याने खुर्ची पुसून पुढे केली. पण अण्णा बसले नाहीत, सांगायचं ते सांगून घरी आले. मला बरं वाटायला हवं होतं ना? मला नुसती झोप येत होती.

संध्याकाळ

आता थोडंच. वर्कशॉप सध्या बंद आहे. माझी बोटं वळायला लागली की उघडीन. अण्णा म्हणालेत, कड्या-नॉबला ते आता हात लावणार नाहीत, कशाला लावायचा ते मी सांगायचं. घासणं-पुसणं, गिऱ्हाइकांशी बोलणं ते करतील बहुतेक. म्हणतात तसं राहतील का, ठाऊक नाही. आज सकाळी पान्हा हातात घेऊन बसले होते, नुसतेच. मी या वेळी झाडायला घेतलं नाही.

तू वाईट वाटून घेऊ नकोस, असं मी लिहिणार नाही. थोडं वाटू दे. ‘मागून बघत जा’ हे लांबून सांगायचं काम तुझं झालं आणि मागे उभं राहायचं माझं. मीही एकदासुद्धा ‘नाही’ म्हटलं नाही, तो माझा दोष. तो आता संपवतेय.

ये, ताई. पिल्लांची शाळा, दाजींचं ऑफिस, सगळं मला पाठ आहे, तरी ये. दोन आठवडे. अण्णांच्या डोळ्यांत दिवसातून चार वेळा थेंब घालायचे आणि ते काहीही म्हणाले तरी खरं तेच सांगायचं, एवढंच काम आहे. मी मागच्या खोलीत दार लावून झोपेन. जेवायलाही उठवू नकोस.

वाट बघतेय असं कधी लिहीत नाही. बघतेय.

तुझी,
अजून उभी असलेली
धाकटी