लाल चित्राचं फिलिंग

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे अर्धाच वाकलो आहे, उरलेला भेटीत.) तुझी तब्येत कशी आहे? डावीकडची ती दाढ गार पाण्याने अजून ठणकते, की ठणकायची बंद झाली? बंद झाली असेल तर ती चांगली बातमी नाही, हे मी भाऊ म्हणून नाही, दंतवैद्य म्हणून सांगतो. इकडे सगळं ठीक. तुझी भावजय बरी आहे. लेक माझ्याशी बोलत नाही (कारण तिच्या रंगपेटीशी संबंधित आहे, ओघात येईलच). तुझं पत्र मंगळवारी मिळालं. प्रदर्शनासाठी लाल चित्र हवं आहे, शुक्रवारी टेम्पोवाला येईल, नीट बांधून ठेव, असं तू लिहिलंस. चित्र सुखरूप आहे. 'सुखरूप' हा शब्द मी बराच विचार करून निवडला आहे, आणि पुढचं वाचताना तू तो लक्षात ठेवावास.

घर बदलताना चार महिन्यांसाठी म्हणून तू ते आमच्याकडे ठेवलंस, त्याला आता दोन वर्षं झाली. सहा फूट लांब, चार फूट उंच, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता लाल. मधोमध, किंचित डावीकडे, लिंबाएवढी जागा तेवढी कोरी. अमूर्त चित्र समजून घ्यायचं नसतं, रंगासमोर नुसतं थांबायचं, असं तू तेव्हा मला समजावलं होतंस. लाल पुढे येतो, निळा मागे सरकतो, पिवळा एका जागी स्वस्थ बसत नाही. त्यावर तुझ्या भावजयीने विचारलं होतं, की पाहुणे आले तर लालाला थोडा वेळ मागे सरकायला सांगता येईल का. तो काही सरकला नाही. चित्र आमच्या बैठकीच्या खोलीत होतं त्या नऊ दिवसांत आमची चौदा भांडणं झाली, त्यांतली तीन तर ज्या विषयांवर आमचं पूर्ण एकमत आहे त्यांवर. म्हणून मी ते दवाखान्यात हलवलं आणि बाहेरच्या खोलीत, पेशंट बसतात त्या बाकासमोर लावलं.

तुझ्या लाल रंगात ताकद आहे, हे मी लेखी देतो. दाढ काढायला आलेला एक धट्टाकट्टा व्यायामशिक्षक दहा मिनिटं त्या चित्रासमोर बसला आणि दुखायचं थांबलं असं सांगून चपला न घालताच पळाला. एक बाई मुलाच्या दुधाच्या दाताबद्दल विचारायला आल्या होत्या, त्यांनी चित्राकडे बघता बघता बारा वर्षं अबोला धरलेल्या जावेला तिथूनच फोन लावला. (भांडायला की समेटाला, ते शेवटपर्यंत कळलं नाही; आवाज दोन्हींचा येत होता.) पण सगळ्यांत अवघड प्रकरण बसचालकाचं. हा गृहस्थ तीस वर्षं बस चालवतो. चित्रासमोर बसला की नंबर आला तरी उठायचा नाही. माझ्या मदतनीस बाई हाका मारून मारून थकायच्या, आणि हा शांतपणे लालाकडे बोट दाखवून दोन्ही पाय जमिनीवर रोवून बसायचा. शेवटी बाईंनी वैतागून माझा हिरवा टॉवेल चित्रावर टाकला. स्वारी लगेच उठली आणि सरळ आत येऊन खुर्चीत बसली. तेव्हापासून तो टॉवेल त्याच कामाला ठेवला आहे.

मी मात्र लालाने नाही, त्या कोऱ्या जागेने बेजार झालो. ताई, आपण दोघंही रंगावरच जगतो. तुझे रंग डब्यातले, माझे तोंडातले. माझ्याकडे दातांच्या छटांची पट्टी आहे, तिच्यात सोळा पांढरे आहेत, आणि सोळांशीही माझी जुनी ओळख आहे. एका रिकाम्या दुपारी मी ती पट्टी नेऊन तुझ्या कोऱ्या जागेला लावली. अकरावा पांढरा निघाला, दिवसाला सहा कप चहा पिणाऱ्याचा. ज्याने बावीस वर्षं भोक दिसलं की भरलं, त्याच्या डोळ्यांसमोर तू दोन वर्षं एक भोक उघडं ठेवलंस, यात थोडी चूक तुझीही आहे. माझा हात आपोआप गेला. जागा कापसाने पुसली, कोरडी केली, कवळीच्या हिरड्यांसाठी असतो तो गुलाबी मसाला घेतला, त्यात लेकीच्या रंगपेटीतला लाल कालवला (सगळा), आणि भरला. वर निळा दिवा धरून पक्का केला, घासून गुळगुळीत केला, आणि सवयीने चित्राला सांगितलं की तासभर काही खाऊ नका. काम असं बेमालूम झालं होतं की बोट फिरवूनही जागा सापडू नये. मला त्याचा अभिमान वाटला, हे लपवत नाही.

दुसऱ्या दिवसापासून चित्र गप्प झालं. पेशंट मोबाइल काढून बसायला लागले. बसचालक आला, त्याने चित्राकडे एकदा बघितलं आणि टॉवेलशिवाय आत आला. मदतनीस बाई म्हणाल्या, नुसती भिंत रंगवल्यासारखी वाटते. मग बुधवारी पोस्टमास्तर आले. हे निवृत्त पोस्टमास्तर दर बुधवारी येतात. त्यांच्या तोंडात एकही दात नाही, कवळी मीच केलेली आणि उत्तम बसलेली, तरी ते का येतात हे मी कधी विचारलं नव्हतं. (बसायला बाक आहे, पंखा आहे, येत असतील.) त्या दिवशी ते बसले, उठले, चित्राजवळ गेले, चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि मला बाहेर बोलावलं.

"डॉक्टर, इथली जागा कुठे गेली हो?"

मी ऐटीत सांगितलं, भरली.

"तिथे आमची ही असायची," ते म्हणाले, आणि छत्री घेऊन निघून गेले.

ताई, तेव्हा कुठे मला आठवलं की आई गेली त्या वर्षीचं हे चित्र. एवढासा तुकडा का राहिला असं मी तुला विचारलं होतं, आणि तू म्हणाली होतीस की तिथे हात गेला नाही. मला वाटलं, पोचला नाही. (खरंच वाटलं. स्टूल पाठवू का, असंही मी विचारलं होतं. तू काही बोलली नाहीस, तेव्हा मी समजलो की स्टूल आहे.) आमच्या जेवणाच्या टेबलाशी आईची खुर्ची अजून रिकामी असते. पाहुणे जास्त झाले तर मी उभ्याने जेवतो, पण तिथे कोणाला बसू देत नाही. आणि तोच मी तुझ्या चित्रात तिच्या जागेवर हिरडीचा मसाला भरून मोकळा झालो. मला फार वाईट वाटलं. सगळे पेशंट गेल्यावर मी त्या बाकावर बसलो आणि रडलो. समोर सहा फूट लाल होता आणि त्यात आई कुठेच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दात कोरायचं मशीन बाहेरच्या खोलीत ओढून आणलं आणि फिलिंग काढलं. मदतनीस बाईंनी चित्र दोन्ही हातांनी धरलं होतं, आणि त्याही सवयीने त्याला मोठा आ करायला सांगत होत्या. फिलिंग काढताना आजूबाजूचं थोडं जातंच, हे आमच्या धंद्यात सर्वमान्य आहे. लिंबाएवढी जागा आता मोसंब्याएवढी झाली आहे. पण चित्र पुन्हा बोलायला लागलं. बसचालक पुढच्या खेपेला पाऊण तास जागचा हलला नाही. पोस्टमास्तरांना मी निरोप धाडला, ते बुधवार नसताना आले, बाकावर बसले आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले.

तर चित्राची हकिकत ही अशी आहे. रागवायचं असेल तर पत्रातून रागाव, फोनवर नको. फोन लेक उचलते आणि ती तुझ्या बाजूची आहे. मोठ्यांना नमस्कार, लहानांना सांग दोन वेळा दात घासा.

तुझा
धाकटा

ता. क. ती जागा मोसंब्याएवढी आहे असं वर लिहिलं आहे. ती आरपार आहे, हे लिहायचं राहिलं. मशीन जरा जास्त गेलं. आता तिथून मागची भिंत दिसते. तुमच्या प्रदर्शनातल्या भिंतीचा रंग कोणता आहे? आमची अकरावा पांढरा आहे. मी पट्टी लावून बघितलं.

ता. क. दुसरा. खरं म्हणजे एवढं सगळं लिहिलं ते एकाच गोष्टीसाठी. ते चित्र नेऊ नकोस. बुधवारी पोस्टमास्तर कुठे जातील? आणि मीही रोज संध्याकाळी दवाखाना बंद करण्याआधी दहा मिनिटं त्या बाकावर बसतो. प्रदर्शनात तुझं एखादं निळं लाव. चित्र न्यायला नको, पण तू ये. बाकावर दोघांना जागा आहे, दाढही बघून होईल.

ता. क. तिसरा. शुक्रवारी टेम्पोवाल्याला पाठवलंसच, तर मी त्याला मुळीच अडवणार नाही. आधी पाच मिनिटं चित्रासमोर बसवीन, एवढंच. तोही ड्रायव्हरच आहे. हिरवा टॉवेल धुवायला टाकला आहे, आणि या महिन्यात तो वाळेल असं काही दिसत नाही.