गाडीपाशी थांबणारा मामा

१४ सप्टेंबर

ती. मामास,
सा. न. वि. वि.

इथे येऊन महिना झाला. आईचा फोन रोज येतो, पण फोनवर आईच बोलते, म्हणून तुला पत्र. शिवाय प्रवासी फिरून येईपर्यंत तुला बसमध्ये दोन-तीन तास नुसतं बसून काढावे लागतात, तेव्हा हाताशी वाचायला काहीतरी हवंच.

अभ्यास सुरू झालाय. पहिली पदवी वर्गात बसून झाली, ही दुसरी नदीकाठी चिखलात होणार असं दिसतंय. गाळाचे नमुने आणायचे, भट्टीत वाळवायचे, चाळायचे, वजन करायचं. आमच्या मार्गदर्शक बाई फार कमी बोलतात. वजनकाट्याकडे बघतात तशाच माझ्याकडे बघतात.

रविवारी वर्गातले आम्ही चौघं जुन्या घंटाघरावर चढलो. तीनशे चौदा पायऱ्या आहेत, आणि शेवटच्या चाळीस इतक्या अरुंद की समोरून कुणी आलं तर एकाने पोट आत घ्यावं लागतं. वरून नदी आणि तिच्यावरचे पाचही पूल दिसले. बाकीचे फोटो काढत होते, मी मात्र खाली बघत होते. चौकाच्या कडेला सहलीच्या एकवीस बसेस ओळीने उभ्या होत्या आणि प्रत्येकीत एक ड्रायव्हर पाय वर करून बसलेला. एकदम एकवीस मामा दिसले.

तर आता सांग. एकोणतीस वर्षं तू लोकांना प्रेक्षणीय स्थळं दाखवतोयस. त्यातलं तुझं सगळ्यात आवडतं कुठलं? घरी आले की तेच आधी बघीन.

मामीला नमस्कार. माया आहे ती पातळ होऊ देऊ नये.

तुझी,
भिंगरी

२९ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र किल्ल्याच्या पायथ्याशी बसून वाचलं. एकेचाळीस माणसं वर गेली आहेत, परत यायला दोन तास आहेत. पायाला भिंगरी म्हणून लहानपणी तुला नाव पाडलं, ते तू इतकं मनावर घेशील असं वाटलं नव्हतं.

विचारलंस म्हणून सांगतो. किल्ला ही जागा तशी वाईट. उतार आहे, चाकांना दगड लावल्याशिवाय मी खाली उतरत नाही. वस्तुसंग्रहालय उत्तम, दिवसभर सावली, पाण्याचा नळ आणि स्वच्छ स्वच्छतागृह. तलावावर गाडी लावायला जागा भरपूर, पण माकडं आरसे उपटतात. समुद्राचा कडा बरा आहे, मात्र खाऱ्या वाऱ्याने पत्रा गंजतो. धबधब्यापाशी गाडी उलटी लावावी लागते. बस, तिथलं एवढंच.

मला चार महिने राहिले. जानेवारीअखेर निवृत्ती. घरी बसून मी काय करणार याची मामीला आत्तापासून धास्ती आहे. भाजी चिरायला शिकवणार म्हणते. मी म्हटलं, चाकू छोटा आहे, स्टिअरिंग असतं तर जमलं असतं.

जिने जपून उतर. चढताना माणूस पडत नाही, उतरताना पडतो.

खुशालीचं दोन ओळींचं का होईना, कळवत जा.

तुझा,
मामा

२० ऑक्टोबर

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी इथल्या मैत्रिणीला वाचून दाखवलं आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. मामा, मी जागा विचारल्या होत्या, तू गाड्या लावायचे अड्डे कळवलेस. किल्ल्यावर वर काय आहे? धबधबा किती उंचावरून पडतो? तलावाच्या पलीकडे काय दिसतं? यातलं एकही अक्षर तुझ्या पत्रात नाही. मला तर दाट शंका येते की तू यांतलं काहीच पाहिलेलं नाहीस.

मी मात्र सुटलेय. मागच्या महिन्यात मिठाची जुनी खाण पाहिली. जमिनीखाली जाईपर्यंत लिफ्टमध्ये कान दुखतात, आणि खाली भिंतीला जीभ लावून बघू नका अशी पाटी आहे. ती वाचल्यावर सगळे जीभ लावतात. मीही लावली. मग रात्रीच्या गाडीने शेजारच्या देशात जाऊन दीड दिवसात तीन संग्रहालयं आणि एक दीपगृह उरकलं. बाईंनी काल विचारलं की सहा आठवड्यांत चार सहली आणि नमुने सात, हे प्रमाण मी कसं ठरवलं.

डिसेंबरात तीन आठवड्यांची सुट्टी आहे. मी येतेय. आपण तिघं किल्ला आणि धबधबा करू. तू सुट्टी काढायचीस आणि गाडी दुसऱ्या कुणीतरी चालवायची. नाही म्हणायचं नाही.

हट्टी भाचीवर कृपा असू द्यावी.

तुझी,
भिंगरी

४ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

पत्र मिळालं. ड्रायव्हरचं काम गाडी नेणं आणि आणणं, बघत फिरणं नव्हे. तुम्ही दोघी अवश्य जाऊन या, मी येणार नाही. हा विषय पुन्हा काढू नकोस.

नमुन्यांकडे लक्ष दे. घरच्यांनी तुला तिकडे शिकायला पाठवलं आहे.

मामा

१९ नोव्हेंबर

ती. मामीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मामाला दाखवू नकोस. त्याचं चार ओळींचं पत्र आलंय. एवढ्या वर्षांत तो माझ्याशी असं बोललेला नाही, शाळेत असताना त्याच्या बसच्या नव्या सीटवर मी शाईची बाटली सांडली होती तेव्हासुद्धा. मी त्याची थट्टा केली होती, पण तशी थट्टा मी नेहमीच करते. माझं काय चुकलं ते सांग. परवापासून वाचायला बसले की डोळे ओळीवरून नुसते घसरतात.

वाट बघतेय. राग असला तरी पत्र पाठवावं.

भिंगरी

३ डिसेंबर

चि. भिंगरीस,
पोटभर आशीर्वाद.

तुझं काही चुकलं नाही. तुला माहीत नव्हतं, आणि आम्ही कुणी सांगितलं नाही.

आमच्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती, म्हणजे चोवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. हे धबधब्याची सहल घेऊन गेले होते. सहलीच्या वाटाड्याने आग्रह केला की तुम्ही दर आठवड्याला येता, एकदा वर येऊन बघा तरी. हे तयार झाले. एक निवृत्त मास्तर गुडघे दुखतात म्हणून गाडीतच थांबणार होते. सामान आत होतं, म्हणून गाडीला बाहेरून कुलूप लावायचा नियम होता. यांनी मास्तरांना विचारलं, ते खुशाल लावा म्हणाले. त्यांनी पेपर उघडला आणि हे वर गेले. वर गेल्यावर यांना ती जागा इतकी आवडली की अर्ध्या तासाऐवजी तास झाला.

मास्तरांच्या छातीत कळ आली. ते काचेवर हात आपटत होते. बाहेर चहाच्या टपरीवर माणसं होती, त्यांना वाटलं म्हातारा हात हलवतोय. त्यांनीही हात हलवले. हे परत आले तेव्हा मास्तर दोन सीटांच्या मध्ये पडले होते. तिसऱ्या दिवशी इस्पितळातच वारले.

चौकशी झाली. नियमाप्रमाणेच वागले म्हणून सोडलं. मास्तरांची मुलगी घरी येऊन गेली, आमचा तुमच्यावर राग नाही असं म्हणाली. हे तिच्यासमोर मान खाली घालून बसले होते. त्यांनी ते ऐकलं की नाही हे मला अजून कळलेलं नाही. त्या दिवसापासून कानाला खडा. गाडी सोडून वीस पावलांपलीकडे जात नाहीत. नुसती गाडी नाही, सुट्टीच्या दिवशीही कुठे फिरायला येत नाहीत. मला हे सगळं एकदाच सांगितलं, पुन्हा त्यावर शब्द नाही.

आता माझं सांगते. सहलीच्या ड्रायव्हरची बायको असून मी यातलं एकही ठिकाण पाहिलेलं नाही. शेजारणींना हे खरं वाटत नाही. मी कधी मागितलं नाही, कारण मागितलं तर त्यांना नाही म्हणावं लागेल आणि त्याचा त्रास त्यांनाच होईल. पण आता चार महिन्यांनी पंचावन्न पूर्ण करीन आणि माझेही गुडघे कुरकुरायला लागलेत. तू विषय काढलास ते मला बरंच वाटलं, हे तुला म्हणून लिहिते.

स्वतःला दोष देऊ नको, आणि जेवत जा.

तुझी,
मामी

१८ डिसेंबर

ती. मामास,
सा. न. वि. वि.

मामीने मला मास्तरांचं सांगितलं. मीच खोदून विचारलं, तेव्हा तिच्यावर रागावू नकोस. थट्टा केली त्याबद्दल माफ कर.

मी डिसेंबरात येत नाही. कारण सांगायला लाज वाटते, पण सांगते. तुझं ते चार ओळींचं पत्र आलं त्याच आठवड्यात मी समुद्राकाठच्या गुहा बघायला गेले. निघायच्या घाईत भट्टीचा काटा साठऐवजी सहाशेवर फिरवला. परत येऊन दार उघडलं तर अकरा नमुन्यांची राख. तीन आठवड्यांचं काम होतं, आणि आता नदी गोठलीय, मार्चपर्यंत नवे नमुने मिळणार नाहीत. पदवी सहा महिने लांबली. मला वाटलं बाई मला काढून टाकणार. त्यांनी राखेचंही वजन करायला लावलं, वहीत लिहून घेतलं आणि म्हणाल्या की सुट्टीत इथेच थांबून जुने आकडे तपास. नंतर दाराशी थांबून विचारलं की गुहा कशा होत्या. मला रडू आलं. त्यांनी रुमाल दिला नाही, पण सांगेपर्यंत थांबल्या.

माझी माती जळली, तुझ्या गाडीतला माणूस गेला. या दोन गोष्टी मी एका तराजूत घालत नाही. तुला मी काय शहाणपण सांगणार? आधी वाटलं की फिरणंच सोडावं. मग ठरवलं की भट्टीचा काटा दोनदा बघायचा आणि मग जायचं. मला एवढंच जमण्यासारखं आहे.

किल्ला, धबधबा माझ्यासाठी राखून ठेवू नका. मामीला घेऊन जा. तिने एकही ठिकाण पाहिलेलं नाही, हे तुला माहीत आहे ना?

उत्तर आलं नाही तरी मी लिहीत राहीन.

तुझी,
भिंगरी

२५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उत्तराला दोन महिने लागले. दोनदा लिहिलं आणि फाडलं. अकरा नमुने गेले ते वाईट झालं, पण तू घरी न लपवता कळवलंस हे मला आवडलं. तुझ्या आईला मी सांगितलं आहे. पहिले दोन दिवस ती माझ्यावरच चिडली होती, आता ठीक आहे.

जानेवारीअखेर निवृत्त झालो. डेपोत साहेबांनी भाषण केलं आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मामीने दोन तिकिटं समोर ठेवली, रविवारची, धबधब्याची. सीट सात आणि आठ. तिने मला विचारलं नाही. तुझ्या पत्रातली मामीबद्दलची ओळ मी आठ-दहा वेळा वाचली होती, म्हणून मी तिकिटं उचलून खिशात ठेवली.

प्रवासी म्हणून बसणं फार अवघड. घाटात माझा उजवा पाय सारखा ब्रेक शोधत होता. ड्रायव्हर पस्तिशीचा असेल, हात चांगला होता, पण वळणावर गिअर उशिरा टाकायचा. मी काही बोलणार तर मामीने लिमलेटच्या गोळ्यांची पुडी माझ्या हातात दिली.

वाहनतळ आला. सगळे उतरले. मी उठलो नाही. मामीने माझ्याकडे बघितलं, पिशवी घेतली, उतरली आणि चालायला लागली. मागे वळून बघेल असं वाटलं होतं, बघितलं नाही. तिला तिथली वाट माहीत नाही. डावीकडची पायवाट मध्येच तुटते, आणि ती नेमकी डावीकडे वळली. मग मला उतरावंच लागलं. हाक मारत गेलो तेव्हा ती बरीच वर गेलेली होती. तिचे गुडघे कुरकुरतात असं तीच सांगत असते.

फेब्रुवारीत पाणी फार नव्हतं. करंगळीएवढी एक धार कड्यावरून खाली येत होती. मामीने विचारलं की एवढ्यासाठी लोक पैसे भरतात का. मला हसू आलं. पुरुषभर उंचीचा एक खडक आहे, त्याच्यावर आम्ही कसेबसे चढून बसलो. चोवीस वर्षांपूर्वी मी तिथेच बसलो होतो. मी तिला मास्तरांबद्दल सांगितलं, आधी न सांगितलेलंसुद्धा. कुलूप लावताना त्यांनी काचेतून मला खूण केली होती, घाई करू नका अशी. ती खूण मी इतकी वर्षं कुणाला सांगितली नाही, कारण ऐकणाऱ्याला वाटलं असतं की मी स्वतःची बाजू मांडतोय. मामी म्हणाली, ते भले गृहस्थ होते, आणि तुम्ही त्यांची फक्त शेवटची वेळ लक्षात ठेवलीत. खाली उतरेपर्यंत तिने माझा हात धरला होता, आणि वाट चांगली असूनही सोडला नाही.

गाडीशी आलो तर ड्रायव्हर पेपर वाचत होता. मी विचारलं, वर जाऊन आलास का. म्हणाला, दर रविवारी येतोच की इथे, आणि मागे एक आजी पाय सुजले म्हणून बसल्यात, त्यांना सोडून कसा जाऊ. मी म्हटलं, माझं आयुष्य याच कामात गेलं, आजींपाशी मी थांबतो, अर्धा तास आहे, तू जा. त्याने माझ्याकडे दोनदा बघितलं, मग किल्ली माझ्या हातात दिली आणि गेला. मी दोन्ही दारं उघडी टाकली आणि पायरीवर बसलो. मामी आत आजींशी गप्पा मारत होती. आजींना तीन मुली आहेत आणि तिन्ही जावई नालायक आहेत, एवढं मलाही बाहेर ऐकू आलं.

तो अकरा मिनिटं उशिरा आला. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. प्रवासी कुरकुरले, मी सांगितलं की उशीर माझ्यामुळे झाला. परतीला घाट उतरल्यावर त्याने आरशातून मला विचारलं की पुढच्या रविवारी त्याची गाडी समुद्राच्या कड्याला जाते, दोन जागा ठेवू का. मी तोंड उघडायच्या आत मामीने सांगितलं, ठेव, आणि मला खिडकी.

कडा कसा दिसतो ते या वेळी नीट बघून कळवीन.

जिव्हाळा आहेच, तो अंतरामुळे कमी होत नाही.

तुझा,
मामा

ता. क. मामीने चालायचे बूट घेतले. घरातही घालून फिरते, सवय व्हावी म्हणून.